ब्रिटन, रिव्हिजन बारा

“ब्रिटन आलं का परत?”

“नाय आलं, उस्ताद. आज फक्त सहम आलंय. आणि एक पंपांचं कॅटलॉग.”

“इन्शाल्ला, उद्या.”

माझ्या नोकरीचा दुसरा दिवस होता. मी झेरॉक्स मशीनमागे उभी होते आणि कागद संपलाय हे कुणाला सांगावं याचा विचार करत होते. सहम मला कळत होतं. ओमानमधल्या त्या गावात आमची कंपनी सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पंपिंग स्टेशन बांधत होती, आणि त्याचे नकाशे रोज मस्कतमधल्या या अझैबाच्या ऑफिसातून जात-येत होते. पण ब्रिटन? त्या नावाचं कुठलंच काम मला सांगितलेलं नव्हतं. विचारायला हवं होतं. विचारलं नाही. शाळेपासून माझी हीच रीत : जे जाणून घ्यायचंय ते आधी आठवडाभर नुसतं बघत राहायचं.

या वेळी तीन आठवडे लागले.

उस्ताद आमचे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. बांधकामाच्या कंपनीत नकाशा काढणारा वेगळा असतो, जमीन खणणारा वेगळा असतो, आणि या दोघांच्या मधले सगळे कागद सांभाळणारा एक माणूस असतो. तो म्हणजे ते. मी त्यांची मदतनीस. अरबीत मोठ्या माणसाला मानाने ‘उस्ताझ’ म्हणतात; आमच्या हनीफकाकांच्या तोंडात त्याचं ‘उस्ताद’ झालं आणि सगळ्या ऑफिसने तेच उचललं. हनीफकाका राजापूरचे. ऑफिसची गाडी चालवायची, कागदांचे गठ्ठे पोचवायचे-आणायचे, चहा करायचा, आणि बातम्या पुरवायच्या. शेवटचं काम पगारात नव्हतं. उस्तादांशी ते हिंदी-अरबीच्या खिचडीत बोलायचे, माझ्याशी राजापुरी मराठीत, आणि उस्ताद माझ्याशी इंग्रजीत. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे.

उस्ताद उंच, सडपातळ, साठीच्या जवळपासचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी अंगात तपकिरी स्वेटर. एसीचा रिमोट त्यांच्या खणात कुलपात असे. रोज सकाळी ते आधी झेरॉक्स मशीनला “सबाह अल-खैर” म्हणत, मग माणसांना. मशीनची विचारपूस केली नाही की ते कागद खातं, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा मी अवघडून, कुणी ऐकत नाही असं बघून, मशीनला तसं म्हणाले. त्या दिवशी कागद अडकला नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही.

पिनांशी त्यांचं वैर होतं. कुठलाही स्टेपल केलेला गठ्ठा आला की आधी सगळ्या पिना काढायच्या, कागद उजेडासमोर धरून बघायचा, मग त्यावर नंबर. “ज्या कागदाला नंबर नाही तो कागद या जगात नाही,” असं ते म्हणायचे. नव्या माणसाला हे वाक्य पहिल्या तासातच ऐकावं लागे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, “इंडिया?” मी मान हलवली. “कोड ए,” ते म्हणाले आणि पुन्हा कागदात बुडाले. मला वाटलं माझी निवड पक्की झाली असं सांगताहेत. मग लक्षात आलं की ते सगळ्यांनाच कोड देत. रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी कोड ए. पाकिस्तानी फोरमन कोड ए. आमच्या मजल्यावर कधीमधी येणारा एक कॅनेडियन कोड सी. हनीफकाकांना चहा हवा असला तरी ते ओरडत, “कोड ए, चाय!”

हे कोड आमच्या धंद्यातले होते. कंत्राटदार काही बांधायच्या आधी नकाशा सल्लागार कंपनीकडे पाठवतो. सल्लागार त्यावर शिक्का मारून परत करतो. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर. सी म्हणजे सुधारून पुन्हा सादर करा. डी म्हणजे नामंजूर. पुन्हा सादर केलेल्या नकाशाला नवा रिव्हिजन नंबर मिळतो : शून्य, एक, दोन. आमचे सल्लागार म्हणजे एक इंग्रज कंपनी होती, आणि रिव्हिजन चारच्या पुढे गेलेला नकाशा मी तोवर पाहिला नव्हता.

मग एक दिवस उस्ताद नमाजाला गेले असताना मी त्यांच्या टेबलामागच्या सर्वांत खालच्या फळीकडे पाहिलं. राखाडी बॉक्स फायली, पाठीवर सुबक अक्षरात नावं : ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, कॅनडा, अमेरिका. मी ‘ब्रिटन’ काढली. आत आमच्या कंपनीच्या पद्धतीचंच मुखपृष्ठ. संदर्भ क्रमांक. विषय : पॅलेस्टाइनच्या राज्याला मान्यता. कशासाठी सादर : मंजुरीसाठी. रिव्हिजन : ९.

खाली एका निवृत्त सरकारी माणसाला शोभेल अशा अदबशीर इंग्रजीत पत्र होतं, ब्रिटनच्या परराष्ट्र मंत्र्यांना. त्याच्यामागे त्यांच्या खात्यातून आलेलं उत्तर, जाड गुळगुळीत कागदावर. आणि त्या उत्तरावर निळ्या शाईत शिक्का : सी. सुधारून पुन्हा सादर करा.

शिक्का त्यांनीच मारलेला. कुवेतमध्ये तरुणपणी ते एका सल्लागार कंपनीत होते, तिथला तो जुना लाकडी मुठीचा शिक्का. आखाती युद्धानंतर तिथून हजारो पॅलेस्टिनींना निघावं लागलं तेव्हा त्यांनी सोबत जे थोडंफार आणलं त्यात तो होता. हे मला हनीफकाकांनी सांगितलं. “लोक दागिने घेतात, कपडे घेतात. ह्याने शिक्का घेतला,” असं म्हणून ते हसले, आणि मग कपबशा उचलू लागले.

ब्रिटनला लिहिलेल्या त्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. एक ‘द’ उगाच आलेला होता. इंग्रजी शाळेत बारा वर्षं घालवलेल्या मुलीला असा शब्द बघवत नाही. मी पेन्सिलीने त्यावर अगदी फिकट रेघ मारली आणि फाईल जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी विचारलं, “ब्रिटनला हात कुणी लावला?”

मी समोरचे कागद पुन्हा रचू लागले.

ते माझ्या टेबलाशी आले, पेन्सिलींच्या डब्यातून एक उचलून उजेडात धरली. “ऑफिसच्या सगळ्या पेन्सिली एचबी. ही एच. फिकट उमटते.” त्यांनी पेन्सिल परत ठेवली आणि फ्रान्सची फाईल माझ्यासमोर टाकली. “या बिन्ती, यात पण बघ.”

बिन्ती म्हणजे माझ्या मुली. त्या दिवसापासून पश्चिमेकडच्या देशांना जाणारी पत्रं मी टाईप करू लागले.

मला वाटलं होतं की त्या फायलींत संताप असेल. संताप नव्हता. कुतूहल होतं. कुणी फुलपाखरं जमवावीत तशी ते उत्तरं जमवत, आणि त्यांना फुलपाखरंच म्हणत. त्यांनी त्यांचे वर्ग पाडले होते. पहिला वर्ग ‘योग्य वेळी’. दुसरा ‘आधी वाटाघाटी’. तिसरा ‘अशा मार्गाने नव्हे’. चौथा, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, बस. अमेरिकेचा वर्ग स्वतंत्र होता, कारण तिथून उत्तरच येत नसे. त्या फाईलमध्ये फक्त पोचपावत्या होत्या. कागदाच्या जाडीविषयीही त्यांचा सिद्धांत होता : आतला मजकूर जितका पातळ, तितका कागद जाड. ब्रिटनचं उत्तर आलं की ते आधी अंगठा आणि बोटामध्ये धरून बघायचे, मग माझ्याकडे द्यायचे. “वाचायची गरज नाही. हात लाव.”

“पहिल्या महायुद्धाच्या वेळी ब्रिटनने आमच्याविषयी एक छोटंसं पत्र लिहिलं होतं,” ते एकदा म्हणाले. “इतकं छोटं की एका श्वासात वाचून होतं. त्यात आमचं नावसुद्धा नव्हतं. तेव्हापासून त्यांची पत्रं लांब होत चालली आहेत.”

मी क्वचितच प्रश्न विचारायचे, म्हणून मी विचारला की ते खुर्ची वळवून बसत. मला पडलेला पहिला प्रश्न हा होता : “मान्यता मिळाली तर बदलेल काय? जमीन तीच. सैनिक तेच.”

“नकाशा मंजूर झाला की पंप आपोआप बसतो का?”

“नाही.”

“मग मंजुरी कशाला घेतो?”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“मंजुरीशिवाय खणलेल्या खड्ड्याला इन्स्पेक्टर काय म्हणतो?”

“अनधिकृत.”

“त्यात माणूस राहत असेल तर?”

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पुन्हा पिना काढू लागले.

दुसरा प्रश्न मी पुष्कळ महिन्यांनी विचारला. “हे सगळे देश खोटं बोलतात असं वाटतं का तुम्हाला?”

“नाही, नाही.” त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं झालं. “मी तीस वर्षं सल्लागार बघतोय. नकाशा चुकीचा असतो म्हणून सल्लागार तो अडवत नाही. नकाशा बरोबर आहे हे त्याला माहीत असतं. पण सही केली की तो जबाबदार होतो. सही केली नाही तर सगळं दुसऱ्या कुणाचं.”

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनला सदस्य नसलेल्या निरीक्षक राज्याचा दर्जा मिळाला. सुट्टीनंतर उस्ताद वर्तमानपत्र घडी न मोडता घेऊन आले. सगळ्यांना वाटलं आज हलवा मिळणार. त्यांनी मथळ्यावर शिक्का मारला : बी. शेऱ्यांसह मंजूर. “राज्य आहे, पण खुर्ची दाराजवळची,” ते म्हणाले. “ठीक. बी वाईट नाही. बीवर काम सुरू करता येतं.”

हलवा मिळाला तो दोन वर्षांनी, स्वीडनने मान्यता दिली तेव्हा. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर पंप विकणारा एक स्वीडिश माणूस बसे. गोरापान, लाजाळू, माझ्यापेक्षाही लाजाळू. त्याच्या देशाची मान्यता नव्हती म्हणून तोवर तो कोड सी होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. त्या सकाळी उस्ताद मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारातून केशराचा ओमानी हलवा घेऊन आले, स्वेटर काढून कोट घातला आणि थेट त्याच्या केबिनमध्ये गेले. मागे मी, माझ्या मागे हनीफकाका.

“आजपासून तुम्ही ए आहात,” उस्ताद म्हणाले.

स्वीडिश माणूस उभा राहिला. त्याने आमच्याकडे, हलव्याकडे आणि मग स्वतःच्या कॅटलॉगकडे पाहिलं. “पण मी तर फक्त पंप विकतो.”

“हरकत नाही. खा.”

त्याने खाल्ला. उस्ताद दारातून बाहेर पडेपर्यंत तो उभाच होता. जिन्यात हनीफकाका मला म्हणाले, “अगो, बिचाऱ्याला वाटलं असेल ऑर्डर मिळाली.”

त्याच महिन्यात, स्वीडनच्या थोडं आधी, ब्रिटनच्या संसदेनेही मान्यतेच्या बाजूने मत दिलं होतं, पण ते सरकारवर बंधनकारक नव्हतं. उस्ताद त्या कात्रणासमोर बराच वेळ बसले. संसद हो म्हणते आणि सरकार म्हणतं ऐकलं. याला कुठला शिक्का? शेवटी त्यांनी आमच्या ऑफिसचा साधा शिक्का काढला : फक्त माहितीसाठी. मग मला म्हणाले, “पण पत्र पाठवायला हवं. संसदेचा हवाला देऊन. रिव्हिजन बारा.”

या माणसाकडे पासपोर्ट नव्हता, हे इथे सांगायला हवं. जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीत. आईवडील ज्या गावातून तिथे आले ते गाव आता नकाशात नव्हतं. त्यांच्याजवळ निर्वासितांना मिळतं ते प्रवासपत्र होतं. ओमानमध्ये ते आणि त्यांची बायको सीबच्या एका फ्लॅटमध्ये राहत, ते केवळ या नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की परत लेबनॉन, जिथे त्यांच्यासारख्याला बहुतेक कामं करायची मुभाच नव्हती. आता साठी उलटल्यामुळे व्हिसा वाढवायला कंपनीचं खास पत्र लागत होतं. ते पत्र मीच टाईप केलं होतं आणि ते जीएमसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं होतं. उस्ताद रोज एकदा त्या दारावरून जात. पत्राचं विचारायला आत मात्र जात नसत.

मी घरी बाबांना हे सांगितलं. आम्हीही सीबमध्येच राहायचो. बाबा इंजिनीअर, नागपूरकडचे, आम्ही बौद्ध. मस्कतमध्ये मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा असतो आणि दुसरा आडनावाचा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याच्या आधी तिथून निघायचं, हे मी शाळेतच शिकले होते. बाबा मात्र दोन्ही उत्तरं मोठ्याने देत आणि समोरच्याचा चेहरा निवांत बघत. उस्तादांच्या फायलींचं ऐकून त्यांनी चष्मा काढला. “मान्यता मागणाऱ्याला ही वेळ नव्हे असंच सांगतात,” ते म्हणाले. “तुझ्या आजोबांना पाणी मागितल्यावर पण हेच सांगायचे.” आणि पुन्हा टीव्ही बघू लागले.

रिव्हिजन बारा मी एका गुरुवारी दुपारी टाईप केली. त्याच दुपारी सहमच्या पंपिंग स्टेशनचे सोळा संच इंग्रजांच्या ऑफिसात जायचे होते, आणि हनीफकाका खाली गाडी सुरू करून वर ओरडत होते, “पोरी, यल्ला, चल लवकर! दोनला त्यांचं ऑफिस खलास होतं!” मशीनमधून संच बाहेर पडत होते. मी रचत होते, मोजत होते. सतरा भरले.

यादीत सोळा होते. मी पुन्हा मोजले. सतरा. उस्ताद आतल्या खोलीत जीएमसाहेबांबरोबर मीटिंगमध्ये होते. उठून दार ठोठावायचं, सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, आणि त्यांच्यासमोर विचारायचं की सोळा की सतरा. एवढंच करायचं होतं. मी बंद दाराकडे पाहिलं. मग पेनने मुखपृष्ठावरचा सोळाचा आकडा खोडून सतरा लिहिला आणि गठ्ठा खाली दिला.

ब्रिटनचं मुखपृष्ठ आमच्याच पद्धतीचं होतं, आमच्याच मशीनमधून निघालं होतं. सतरावा संच तो होता.

रविवारी उस्तादांनी रिव्हिजन बारा मागितली. मी फाईल शोधली, खण शोधला आणि नवी प्रत काढून दिली. ती त्यांनी पोस्टाने पाठवली. पहिली प्रत कुठे गेली हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ठरवलं की इंग्रज ती हसून परत करतील किंवा फेकून देतील, आणि गठ्ठा परत येईपर्यंतचे दोन आठवडे मी फार नीट झोपले नाही.

गठ्ठा परत आला. उस्तादांनी तो टेबलावर घेतला, पिना काढल्या, एकेक संच वहीत चढवू लागले. एक, ए. दोन, ए. तीन, बी. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते आणि त्यांचा आवाज ऐकत होते. सोळा, ए. मग काहीच ऐकू आलं नाही.

मी मान वळवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. सतराव्या संचावर कोपऱ्यात सल्लागार कंपनीचा मोठा चौकोनी शिक्का होता. त्यात इंग्रज रेसिडेंट इंजिनीअरची सही, तारीख, आणि ए या अक्षराभोवती ठसठशीत वर्तुळ. पॅलेस्टाइनच्या राज्याला मान्यता, रिव्हिजन बारा. मंजूर.

न वाचता. शेकड्यांनी सह्या करणाऱ्याच्या हाताने, एकाखाली एक.

मला वाटलं ते हसतील. हनीफकाका तर भिंतीला टेकून हसायला लागलेच होते. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी तो कागद उजेडात धरला, सहीवरून बोट फिरवलं. मग वहीत सतरावी ओळ लिहिली : परत आले, कोड ए. “इतक्या वर्षांत पहिलं,” ते म्हणाले, बहुधा स्वतःशीच. मग त्यांनी गठ्ठ्याचं मुखपृष्ठ उचललं. माझ्या हस्ताक्षरातला, खोडून केलेला सतरा त्यावर होता. त्यांनी तो पाहिला, मुखपृष्ठ त्या कागदाला लावून खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. मला काही विचारलं नाही. मी पुढचा गठ्ठा उघडला.

हनीफकाकांच्या पोटात मात्र गोष्ट राहत नसे. दोन दिवसांत सहमच्या साईटवर मजुरांपासून फोरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की इंग्रजाने पॅलेस्टाइन मंजूर केलं. लोक एकमेकांकडे पेढे मागत होते. तिसऱ्या दिवशी ते रेसिडेंट इंजिनीअरच्या कानावर गेलं, आणि चौथ्या दिवशी तो आमच्या ऑफिसात आला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसऱ्या एका गोष्टीपाशी थांबायचं आहे. उस्तादांचा व्हिसा झाला. ते आणखी तीन वर्षं त्या खुर्चीत होते, स्वेटरसह. मला लेखी ताकीद मिळाली, माझ्या आयुष्यातली पहिली. ती मी जपून ठेवली आहे, उस्तादांनी तिला नंबर दिला होता. तो मंजूर झालेला कागद इंग्रजाने परत मागितला आणि आमच्यासमोर त्यावर ‘रद्द’ लिहिलं. उस्तादांनी ती नोंदही वहीत व्यवस्थित केली आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटनची रिव्हिजन तेरा टाईप करायला घेतली. जाताना त्यांनी लाकडी मुठीचा शिक्का मला दिला. मी विचारलं, तुम्हाला लागेल ना? ते म्हणाले, “माझी फुलपाखरं पुरेत. आता तू बघ.”

तर ती सकाळ. जीएमसाहेबांची खोली. जीएमसाहेब टेबलामागे, त्यांच्यासमोर दोन कागद. एक उस्तादांच्या व्हिसाचं पत्र, बिनसहीचं. दुसरा इंग्रजाने आणलेला : डॉक्युमेंट कंट्रोलरने मुद्दाम राजकीय कागद घुसवून फसवणूक केली, सबब त्यांना कामावरून दूर करावं. मी कोपऱ्यात वही घेऊन, कारण मीटिंगचं टिपण मी लिहायचे.

रेसिडेंट इंजिनीअर दिसायला वाईट माणूस नव्हता. घामेजलेला होता. त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. मला एकदम कळलं की तोही घाबरला आहे. लंडनमधल्या त्याच्या साहेबांना जर कळलं की हा न वाचता सह्या करतो, तर त्याचीही खुर्ची जाणार होती. कागद कुणीतरी मुद्दाम घुसवलेला असणं त्याला हवं होतं.

“हा विनोद होता का?” त्याने विचारलं.

“नाही,” उस्ताद म्हणाले. “ती रिव्हिजन बारा आहे.”

“तुम्ही ती आमच्या गठ्ठ्यात घातलीत.”

“मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. या ऑफिसातून जो कागद जातो तो माझ्या नावाने जातो.”

“म्हणजे तुम्ही घातलीत.”

उस्तादांसमोर ते मुखपृष्ठ होतं, आणि त्यांचा हात त्यावर पालथा पडलेला होता. नेमका त्या जागी, जिथे सोळा खोडून सतरा केलेला होता.

“उस्ताद,” जीएमसाहेब हळूच म्हणाले, “तुम्ही असं म्हणालात तर मला या कागदावर सही करावी लागेल. आणि त्या दुसऱ्यावर करता येणार नाही. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

जीएमसाहेबांनी पेनचं टोपण काढलं. माझ्या वहीत मी ‘या ऑफिसातून जो कागद जातो’ इथवर लिहिलं होतं आणि पुढचं अक्षर उमटत नव्हतं. एच पेन्सिल. फिकट. मी वही बंद केली. खुर्ची सरकल्याचा एवढा मोठा आवाज झाला की तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि उस्तादांनी, मला दिसलं, मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

“पत्र मी पाठवलं,” मी म्हणाले. “चुकून. सोळाच्या जागी सतरा मी लिहिलं, विचारलं नाही, ही माझी चूक. पण मंजूर तुम्ही केलंत, सर.”